न दुखणारे डाग

मंगळवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना ऋतिकने काचेच्या चौकोनावर अंगठा ठेवला आणि यंत्राने त्याला ओळखलं नाही. आता यात काय एवढं, असं कोणीही म्हणेल. समुद्रपूरच्या बस स्टँडमागे त्याचं सेवा केंद्र. दिवसाला शंभर माणसं अंगठा लावायला यायची, आणि त्यातल्या विसेक जणांना तरी यंत्र पहिल्या फेरीत ओळखत नसेच. पण ती माणसं कापूस वेचणारी, पऱ्हाट्या उपटणारी. त्यांच्या बोटांवरच्या रेघा कधीच्याच शेतात झिजून गेलेल्या. त्यांना ऋतिक रोज सांगायचा, बोट जरा कपाळावर घासा, कपाळाचं तेल लागू द्या. एवढं दाबू नका, लिंबू नाही पिळायचं. माणसं हसायची, घासायची, आणि कधी ना कधी हिरवा दिवा लागायचा. मात्र दिवस सुरू करायचा तर आधी चालवणाऱ्याचंच बोट लागतं. सरकारला आधी ऋतिकची खात्री पटायला हवी, मग गावाची. सहा वर्षांत ती खात्री एकदाही ढळली नव्हती. आज पडद्यावर लाल पट्टी आली, ठसे जुळत नाहीत. त्याने अंगठा पँटीला पुसला. पुन्हा लाल. तर्जनी, मधलं बोट, मग डावा हात. दहाच्या दहा बोटं एकामागून एक नापास झाली. शेवटी त्याने स्वतःच स्वतःला सांगितलं, कपाळावर घास, आणि खरंच घासलं. कपाळाला तेल नव्हतं, नुसता थंड घाम होता.

डोळ्यांचं यंत्र कपाटात पडलेलं होतं. ते काढून त्याने दुर्बिणीसारखं तोंडाशी धरलं, आतला तांबडा उजेड बुबुळांवर पडला आणि झटकन हिरवा दिवा लागला. म्हणजे डोळे ऋतिकचे होते, हात नव्हते. असला विचार हसण्यावारी न्यायचा असतो, आणि त्यानेही नेला. बाहेर रांग लागली होती. पहिलाच पुनाजी. जंगलाकडच्या टोल्यावरून, छोट्या वस्तीतून, दर महिन्याला निराधार योजनेच्या पैशांसाठी येणारा गोंड म्हातारा, ज्याचा अंगठा आजवर कधी दहा-बारा खेपांशिवाय लागला नव्हता. ऋतिकने सवयीने त्याचं बोट धरून काचेवर टेकवलं आणि पहिल्याच फटक्याला हिरवा दिवा लागला. रांगेतलं कोणी म्हणालं, 'वा रे बाबा, आज तं तू जवान झाला!' पुनाजी हसला नाही. ज्या हाताने त्याचं बोट धरलं होतं तो हात त्याने उलटा केला, उताणा, आणि त्यावर वाकून पाहू लागला.

'हाताले का झालं जी?'

'काई नाई बाबा. थंडी हाय, चमडी निघून राह्यली.'

'कापूस वेचाले गेलते का?' मागचे फिदीफिदी हसले. सेवा केंद्रवाला कापूस वेचायला! पुनाजीने बोटाने एका डागावर दाबून पाहिलं. 'दुखते?'

'नाई.'

'खाजते?'

'नाई ना बाबा. सोडा आता, मागं लाइन हाय.'

'दुखलं असतं तं बरं होतं,' पुनाजी म्हणाला. त्याने हात सोडला, पावती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि तो निघून गेला.

दुखत नव्हते हे खरंच. मसुरीच्या डाळीएवढे, तांबूस तपकिरी, सपाट डाग. कडेने पापुद्रा सुटलेला. बोटांच्या पेरांपर्यंत चढलेले. तळपायांवरही होते, पण तळपाय कोण पाहतो? पहिला डाग दिसला होता दोन आठवड्यांपूर्वी, त्याच्या बायकोला, काजलला, सातवा महिना लागल्यावर तिची ओटी भरून वडनेरला माहेरी पोचवायला निघाले त्या दिवशी. तिच्या हातावर ताजी मेंदी होती आणि बसमध्ये तिने पूर्ण वेळ त्याचा हात धरून ठेवला होता. उतरल्यावर त्याने आपला तळहात पाहिला आणि त्याला वाटलं, हिची मेंदी लागली. सासऱ्याच्या अंगणातल्या नळावर त्याने साबण लावून हात घासला. मेंदी गेली नाही. बायकोची मेंदी नवऱ्याला रंगली, म्हणून सासू अन्नपूर्णाबाई केवढ्या हसल्या होत्या! तोही हसला होता. मग काजलच्या हातावरची मेंदी तिने पाठवलेल्या फोटोंमध्ये फिकी होत गेली, पिवळी पडली, गेली. याची मात्र दिवसेंदिवस गडद होत चालली होती. रोज सकाळी दात घासताना तो हात उघडून पाहायचा आणि त्याला वाटायचं, हे कोणीतरी आतून काढतंय, आपण झोपलो की उरलेली नक्षी भरायला बसतंय. मग तो कंपनीला शिव्या द्यायचा, सॅनिटायझरच्या, साबणाच्या, कागदाच्या. एका माणसाला दोष द्यायचं तेवढं राहून जायचं.

त्या माणसाला तो नागपुरात सोडून आला होता. सप्टेंबरात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, जिल्ह्याजिल्ह्यांतून केंद्रवाले आलेले. चहाच्या रांगेत पुढे उभी असलेली ती चंद्रपूरकडची बाई, तिचं ते पदर तोंडाला लावून हसणं. लॉजच्या खोलीत एक पंखा होता, तो फिरताना दर खेपेला एकदा टक् वाजायचा. त्याला तिचा चेहरा नीट आठवत नव्हता, ती टक् आठवत होती. परतीच्या बसमध्ये त्याने मनाशी ठरवून टाकलं, ते जे काही केलं ते त्या खोलीतल्या माणसाने केलं, आपण ऋतिक, काजलचा नवरा, आपण जामच्या चौकात उतरून समुद्रपूरची गाडी पकडणार. अन् अशी सोय माणसाला छान लागू पडते हो! तीन आठवडे लागू पडली. मग एक दिवस आंघोळ करताना हाताला लागलं, नको त्या जागी, कातडीखाली शिवलेल्या बटणासारखं टणक, वरून उघडी जखम. तेही दुखत नव्हतं. त्याला ते दुखावं असं फार वाटलं होतं. दुखलं असतं तर चौकातल्या पियुषच्या मेडिकलमधून गोळी आणली असती, निदान कोणाला तरी सांगितलं असतं. न दुखणाऱ्या गोष्टीचं काय सांगणार? तो गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात गेला आणि नवस बोलला. बोलला तोही अर्धवटच, कशासाठी ते नाव न घेता. तीन आठवड्यांत जखम साफ झाली, वणसुद्धा नाही. नवस पावला! गावात कोणाला कांजिण्यांची देवी आली की औषध बंद करून कडुनिंब बांधतात, देवी आपली येते आणि आपली जाते, तिच्या वाटेत यायचं नसतं. आजीने लहानपणी अंगात भिनवलेलं ते शहाणपण इथे अचूक कामाला आलं. आली, गेली, माफ केलं. त्याने टेकडीवर जाऊन साखर वाटली. आणि त्या तीन आठवड्यांत काजल घरातच होती, त्याच्या शेजारी.

दुपारी शटर अर्धं ओढून त्याने मोबाइल काढला. लोकांसाठी दिवसभर काय काय शोधून देणारा माणूस, पण स्वतःसाठी चार शब्द टाइप करायला त्याला पाऊण तास लागला. हातावर डाग, दुखत नाही, खाजत नाही. चित्रांची रांग उघडली आणि त्याने फोन पटकन पालथा ठेवला. पुन्हा उचलला. कोणत्या मुलखातल्या, कोणत्या माणसाचा तो तळहात होता कोण जाणे, चेहरा नव्हता, मनगटाशी चित्र संपत होतं. पण डाग तेच. पेरापेरांवर, त्याच जागी. त्याने आपला हात पडद्याशेजारी धरला. यंत्राला जे जुळलं नव्हतं ते इथे तंतोतंत जुळत होतं. खाली लिहिलं होतं, आधी एक न दुखणारी जखम, ती आपोआप जाते. मग पुरळ, तोही आपोआप जातो. म्हणजे आजार गेला असं नव्हे, तो आत उतरतो. त्याच्याखाली गर्भवती स्त्रियांविषयी पाच ओळी होत्या. त्या वाचून झाल्यावर बाहेर एक बस हॉर्न देत होती, ती बराच वेळ देतच राहिली असं त्याला वाटलं.

समुद्रपुरातच सरकारी दवाखाना होता, पण तिथल्या झाडूवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे अंगठे त्याने घेतलेले. दुसऱ्या दिवशी केंद्राला कुलूप लावून तो हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्यात गेला. लांब व्हरांड्याच्या शेवटी ती खोली. दारावर आजाराचं नाव नव्हतं, 'समुपदेशन' एवढंच. बाकावर तीन-चार माणसं एकमेकांपासून अंतर राखून बसली होती आणि सगळी समोरच्या भिंतीकडे पाहत होती. ऋतिकही पाहू लागला. भिंतीवर काही नव्हतं. आत प्रमिला मॅडम म्हणून पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी विचारलं, त्याने सांगितलं. नागपूर, जखम, डाग. तोंडातून शब्द निघत होते आणि ते दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज वाचून दाखवावा तसे बिनचूक निघत होते. मॅडमनी 'अरे बापरे' म्हटलं नाही की कपाळाला आठी घातली नाही. याचंच त्याला रडू आलं. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर पडला, आणि मग वीस मिनिटं बसायचं. पट्टी टेबलावर होती, त्याच्यापासून हातभर. जूनअखेरीला अशीच एक पट्टी काजलने मोरीतून धावत आणून त्याच्या नाकासमोर नाचवली होती. तेव्हा दुसरी रेघ उमटेपर्यंत दोघांनी श्वास धरला होता. इथे तो, उमटू नको, उमटू नको, म्हणत होता. रेघ आधी दिसलीच नाही. मग असल्यासारखी वाटली. मग ती होती.

'सिफिलिस आहे. एचआयव्ही नाई,' मॅडम म्हणाल्या. 'मोठ्या तपासणीसाठी रक्त पाठवतो, पण सुई आजच घेऊन घ्या. बरा होतो हा, पूर्ण बरा होतो. लग्न झालं?'

'हाव.'

'बायको?'

'माहेरी. वडनेरले. सातवा चालू हाय.'

मॅडमनी पेन खाली ठेवला. 'ऑगस्टमध्ये तिचं सगळं रक्त तपासलं, मॅडम,' तो घाईने म्हणाला. 'रिपोर्ट चांगला होता. मीच फाइलमध्ये लावला.'

'अन् नागपूरले कधी गेलते?'

त्याने बोटांवर महिने मोजले, ऑगस्ट, सप्टेंबर.

'आता नीट ऐकजा. याच आठवड्यात तिले इथं आणा. लागण असेल तर तिलेही सुई. बाळंतपणाच्या निदान महिनाभर आधी सुई लागली तर लेकरू बहुतेक सुखरूप राह्यते. उशीर केला तर पोटातच जाऊ शकते, नाई तर हे घेऊनच जन्माले येते. भेव दाखवून नाई राह्यली, खरं तेच सांगून राह्यली. अन् त्या नागपूरच्या बाईलेही कळवा.'

'तिले... काजलले सांगा लागन का?'

'तुम्ही सांगा, नाई तर दोघं या, मी सांगतो. पण सुई तिच्या अंगात जाणार. काऊन जाते, हे तिले कळलंच पाह्यजे.'

कमरेत दोन्ही बाजूंना सुया घेऊन तो बसच्या सीटवर तिरका बसला. पहिल्यांदा काहीतरी दुखत होतं आणि त्याचं त्याला बरं वाटत होतं. चंद्रपूरकडच्या बाईचा नंबर 'ट्रेनिंग' या नावाने ठेवलेला होता. त्याने चार ओळी लिहून पाठवल्या, खाली दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. आणि मग जामच्या चौकात गाडी थांबलेली असताना त्याला ते सुचलं. इतकं सोपं, इतकं त्याच्या धंद्यातलं, की आधी सुचलं कसं नाही! त्याने सांगितलेल्या योजनेवर कोणाचा विश्वास बसत नाही? पंचक्रोशीत ऋतिकने म्हटलं की शासनाने म्हटलं. 'नवीन योजना आली आहे, सातव्या महिन्यात दुसऱ्यांदा रक्त तपासायचं, शक्तीची सुई घ्यायची.' तपासणी होईल, सुई लागेल, लेकरू वाचेल. मॅडमना हातापाया पडून गप्प ठेवता येईल. कोणाला काही कळायची गरज नाही. घरी पोचेपर्यंत त्याने योजनेचे लाभार्थी, कागदपत्रं, सगळं मनाशी जुळवून टाकलं होतं. त्याला चक्क भूक लागली.

गुरुवारी सकाळी तो वडनेरच्या अंगणात उभा राहिला तेव्हा ऊन कोवळं होतं आणि काजल ओट्यावर तूर निवडत होती. त्याने मुठी मिटूनच ठेवल्या होत्या. अन्नपूर्णाबाईंना त्याने योजना सांगितली आणि त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, 'बाप्पा! आजकाल सरकार लय काळजी करून राह्यलं जवाईबापू. पोरगी तं काईच सांगत नाई, इतकुशी खाते. न्या तुमी, न्या.' एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या अन्नपूर्णाबाई कसल्या! त्या कुंपणाशी गेल्या आणि शेजारी हाक मारली. दहा मिनिटांत शेजारची मयुरी आली, आठवा संपत आलेला, हातात आधार कार्ड आणि दोन फोटो. तिच्यामागे आणखी एक पोरगी, ऋतिकच्या ओळखीचीही नव्हती, पाच महिन्यांची. 'भाऊ, माहं नाव टाका ना.' 'फॉर्म कुठं भेटते?' 'अंगठा इथंच घेता का भाऊ?' त्या अंगणात दोन पोटं त्याच्यासमोर उभी राहिली, पोटांच्या वर दोन चेहरे, विश्वासाने उजळलेले. मयुरीने अंगठा पुढे केलासुद्धा, आधी कपाळावर घासून. ऋतिकला क्षणभर वाटलं, या सगळ्यांना डाग आहेत, सगळ्या गावाला आहेत, आणि आपणच दारोदार जाऊन लावले. 'हाव, पाहू, टाकू,' तो म्हणत होता.

'योजनेचं नाव का हाय?' काजलने ओट्यावरून विचारलं.

लग्नानंतर वर्षभर ती केंद्रात त्याच्या शेजारी बसून फॉर्म भरायची. प्रत्येक योजनेचं नाव, तिची मुदत, तिला लागणारे दाखले तिला तोंडपाठ होते. ऋतिकला त्याहून जास्त पाठ होते. त्याने तोंड उघडलं. मातृ, जननी, सुरक्षा, असे शब्द डोक्यात गरगरले, पण दोन शब्द एकमेकांना चिकटेनात. सगळ्या बाया त्याच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. काजलनेही थोडा वेळ पाहिलं. मग तिने मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

'मयुरीवहिनी, तुमी जा आता,' ती म्हणाली. 'साइट बंद हाय आज. चालू झाली की सांगतो.' आईला तिने चहा ठेवायला आत पिटाळलं. बाया कुरकुरत गेल्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, 'सांगा.'

त्याने मुठी उघडल्या. बोलण्याआधी तेवढंच जमलं. मग नागपूर सांगितलं, बटणासारखी जखम सांगितली, गिरडची साखर सांगितली, काल मारलेल्या सुया सांगितल्या. 'योजना नाई काजल. मीच केलं हे. तुले लागलं असन.' ती ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. तिची नजर त्याच्या तळहातांवर होती आणि चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. ती ओळखीचं काहीतरी पाहत होती. तिने ओट्याच्या कडेला हात टेकले, पोट सांभाळत पाय वर घेतला आणि साडीचा काठ बाजूला करून तळपाय त्याच्यासमोर धरला.

'आई म्हणे, पोटुशीची गर्मी हाय. रोज एरंडीचं तेल चोळून राह्यली.'

तेच होते. मसुरीच्या डाळीएवढे, तांबूस, टाचेपासून बोटांपर्यंत. अजून ताजे, पापुद्रा न सुटलेले. ज्याला आपण नागपुरातच ठेवून आलो असं तो समजत होता, तो माणूस इथवर चालत आला होता, हिच्या पायांनी. अन्नपूर्णाबाई आतून विचारत होत्या, साखर किती टाकू.

'लेकराले?' काजलने विचारलं. एवढंच विचारलं.

'आता सुई घेतली तं वाचते. मॅडम म्हणे, वेळ हाय.'

ती उठली. आत जाऊन फाइल घेऊन आली, चपला घातल्या. आईला म्हणाली, 'दवाखान्यात जाऊन येतो,' आणि त्याच्यापुढे चालू लागली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिने फाइल ठेवली. हिंगणघाटपर्यंत तो दांड्याला धरून उभा होता. वाटेत त्याने एकदा 'पाणी?' म्हटलं. तिने मान हलवली, पण ती नाही म्हणून की गाडीच्या धक्क्याने, हे त्याला समजलं नाही. बाहेर पऱ्हाट्या उभ्या होत्या, बोंडं फुटलेली, मैलोन्‌मैल. त्यातली बायामाणसं मान वर न करता वेचत होती.

प्रमिला मॅडमनी त्याला बाहेर बसवलं. दार लागलं. आत बोलणं चाललं होतं, पण शब्द कळत नव्हते. काजलचा आवाज मात्र कळत होता, शांत, एकसारखा. घरात ती अशी कधी बोलल्याचं त्याला आठवेना. वीस मिनिटं झाली असतील, अर्धा तासही असेल. मग नर्स ट्रे घेऊन आत गेली, तेव्हाच त्याला कळलं की रेघ उमटली. त्याला किती दुखलं होतं ते त्याला माहीत होतं. तो कान देऊन होता, ती ओरडेल म्हणून. आतून काहीच आवाज आला नाही. काल सुई घेताना त्याने स्वतः शर्टाची बाही दाताखाली धरली होती.

दार उघडलं तेव्हा ती भिंतीला धरून आली, पाय ओढत, मॅडम मागे. तो उठला, त्याने हात पुढे केला. तिने तो पाहिला आणि भिंतच धरून ठेवली. बाकाशी येऊन ती एका कडेवर टेकली, दम खाल्ला.

'पुढच्या गुरुवारी दुसरी हाय,' ती समोर पाहत म्हणाली. 'तवा येजा. बोलाचं नाई काई. पण येजा.'

तो हो म्हणाला. त्याला आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. इतक्यात ती एकदम दचकली आणि तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. पदराखाली काहीतरी सरकलं, उजवीकडून डावीकडे, त्याला स्पष्ट दिसलं. तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा हलला.

'लाथ मारून राह्यलं,' ती म्हणाली. त्याला नाही, प्रमिला मॅडमना.